पूर नकाशासाठी सरकारी निधी : आमच्या अर्जाचा अनुभव

आमची वस्ती नदीला लागूनच आहे, पाणी घरात येतं हे सगळ्यांना माहितीये पण कागदावर कुठेच नाही. पूर नकाशासाठी, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशासाठी, सरकारी निधी आहे आणि जास्त धोक्याच्या वस्त्यांना आधी मिळतो असं कळलं, मग अर्ज लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच पानावर गाडी अडली. धोका जास्त आहे याचा पुरावा जोडा म्हणे! अहो, तो पुरावा म्हणजेच नकाशा ना, त्याच्यासाठीच तर पैसे मागतोय.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. जुन्याजाणत्या लोकांना घेऊन घरोघर फिरलो, कुठल्या पुरात पाणी कुठवर आलं ते भिंतीवर दाखवायला लावलं, फोटो काढले, वर्ष लिहिलं, आणि ओळखीच्या एका सर्व्हेअरने मशीन लावून प्रत्येक खुणेची लेव्हल, म्हणजे उंची, घेऊन दिली. जोडीला सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार इमेज लावल्या, त्या फुकट मिळतात आणि रडारला ढग आडवे येत नाहीत. पण दाट घरांमधलं पाणी त्यात धड दिसत नाही, त्यामुळे माझ्या मते वजन पडलं ते भिंतीवरच्या खुणांचंच.

खरी वादावादी बजेटवर झाली. सॉफ्टवेअरला शून्य आणि सर्व्हेला एवढे पैसे कशाला, असा प्रश्न आला. पुराचं पाणी कुठवर पसरेल ते काढणारं एचईसी-रास हे सॉफ्टवेअर फुकट आहे हो, पण त्यात घालायची जमिनीची उंची फुकटात चांगली मिळत नाही. ३० मीटरचा जो उपग्रहाचा डेटा नेटवर मिळतो त्यात झाडांचे शेंडे आणि छपरंसुद्धा जमीन म्हणून धरली जातात, चूक काही मीटरची असू शकते, आणि इथे अर्ध्या मीटरवर ठरतं की पाणी उंबऱ्याच्या आत की बाहेर. म्हणून लायडार, म्हणजे वरून लेझर मारून जमिनीची उंची मोजणं, मागितलं. तेही साधं असेल तर पाण्याखालचा तळ दाखवत नाही, मग होडीतून पात्राचे क्रॉस सेक्शन (आडवे छेद) घ्या, पूल आणि मोऱ्या मोजा. हे सगळं एकेक करून लिहून दिलं तेव्हा कुठे मान्य झालं, तरी नदीच्या वरच्या अंगाचा थोडा पट्टा कापलाच.

तिकडे वस्तीत वेगळंच. नकाशावर पूररेषा आली की जागेचे भाव पडणार म्हणून काही जण सह्याच देईनात. त्यांना एवढंच सांगितलं की पुराची दरवर्षी १ टक्का शक्यता म्हणजे ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, आणि रेषा काढली नाही म्हणून पाणी थांबणार नाहीये. काहींना पटलं, काही अजून बोलत नाहीत.

तुम्ही अर्ज करणार असाल तर एक अट आधीच टाका, की पीडीएफ नकाशासोबत कच्चा डेटा आणि मॉडेलच्या (सॉफ्टवेअरमधल्या पुराच्या गणिताच्या) फाइल्सही आपल्याला मिळतील. नवीन पूल झाला की किंवा पात्र बदललं की नकाशा परत करावा लागतो, आणि आम्हाला जो निधी मिळाला त्यात अपडेटचे पैसे धरलेले नाहीत.