लेटरबॉक्सवरची पट्टी

दहा दिवसांसाठी अमळनेरला आलेय. काल शेतात भरीत पार्टी होती, पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकलेली आणि काकूने मधेच विचारलं, "तुन्हा घर ती युक्रेननी बाई ऱ्हायनी ना, एकलीच उनी का व ती? नवरा कोठे व्हता?"

नवरा तिकडेच होता. 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं आणि काही अपवाद सोडले तर 18 ते 60 वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायला बंदी होती, त्यामुळे बर्लिनच्या मेन स्टेशनवर उतरणारे म्हणजे बघावं तिकडे बायका, पोरं, म्हाताऱ्या आणि पिशवीतून डोकं काढणारी मांजरं. मी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायचे. रशियन-युक्रेनियन येणाऱ्यांना केशरी जॅकेट, बाकीच्यांना पिवळं, म्हणजे मला पिवळं, आणि काम काय तर सूप कुठे, टॉयलेट कुठे, चार्जर कुठे हे हातवारे करून सांगायचं.

ती खारकीवची, सोबत नऊ वर्षांचा पोरगा. आमच्याकडे एक खोली रिकामी होती, म्हटलं चला. ती म्हणाली दोन आठवडे, मग परत जाणार. तीन महिने राहिली.

लोकांना वाटतं मदत म्हणजे कपडे, ब्लँकेट. ते पहिल्याच दिवशी ढिगाने मिळालं हो, खरं काम कागदांचं होतं! युरोपियन युनियनने 4 मार्चला 2001 चा एक नियम पहिल्यांदाच वापरात आणला, त्यामुळे आश्रयाचा अर्ज करून ताटकळत बसायची गरज नव्हती, राहायचा परवाना, काम, शाळा, दवाखाना सगळं मिळणार होतं. जर्मनीत सगळे त्याला 'पॅराग्राफ 24' म्हणतात. पण मिळणार म्हणजे पत्राने मिळणार! पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स, पोराची शाळा, प्रत्येकाचं वेगळं पत्र आणि तेही असल्या जर्मनमध्ये की मी चार वर्षं तिथे राहून डिक्शनरी घेऊन बसायचे.

त्यात माझ्याकडून एक घोळ झाला. तिच्या जुन्या सर्टिफिकेटवर आडनावात 'जी' होता आणि पासपोर्टवर 'एच', कारण रशियन उच्चाराने लिहिलं की जी आणि युक्रेनियनने लिहिलं की एच, अक्षर एकच. मी फॉर्म भरताना सर्टिफिकेट बघून भरला. एका ऑफिसात तो परत आला आणि तीन आठवडे वाया. आपल्याकडे आधारवर पाटीलला एक आय आणि दाखल्यावर डबल ई असलं की जे होतं तेच, बाकी काही नाही. मला तर सवय असायला हवी होती!

आणि लेटरबॉक्स. जर्मनीत डब्यावर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. मी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव प्रिंट करून पट्टी आणली तर ती चिकटवू देईना. नको म्हणाली, जायचंच आहे. मी जरा वैतागलेच, मनात म्हटलं बाई, फक्त पट्टी आहे. मग रात्री तिच्या खोलीतून मोबाईलचा भोंगा वाजला, पोरगा दचकून उठला, मी धावत गेले तर खारकीवच्या हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचं ॲप. बर्लिनमध्ये बसून ते चालूच ठेवलेलं. म्हटलं बंद करून टाक ना, तर म्हणे, मग नवऱ्याला तळघरात जा म्हणून मेसेज कोण करणार?

त्यानंतर पट्टीचा विषय मी काढला नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी तिनेच पोराच्या कंपासातली पेन्सिल घेतली, कागदाच्या तुकड्यावर नाव लिहिलं आणि आमच्या नावाखाली सेलोटेपने लावलं. पेन्सिलनेच हं.

भरीत मात्र तिला एकदम जमलं, त्यांच्याकडेही भाजलेल्या वांग्याची इक्रा करतात, फक्त मिरच्या बघून ती हसत सुटली. हे सांगितलं तर काकू म्हणे तिखट कमी टाकनं व्हतं मग.

आता ती दुसऱ्या गल्लीत राहते. पट्टी अजून आमच्याच डब्यावर आहे, कारण कुठल्या ना कुठल्या ऑफिसात जुनाच पत्ता असतो, महिन्यातून एखादं पत्र येतंच. मी फोटो काढून पाठवते, आणि आता जर्मन वाचून मला अर्थ तीच सांगते.