आमची वाटचाल : तारीख कोणी द्यायची

सांगलीच्या मार्केट यार्डात आजही कुणीतरी म्हणतं, "जीएसटीच्या वर्षी यांची पोरं पळून गेली होती." पंचवीसहून जास्त वर्षं धंदा केल्यावर लोकांच्या तोंडी एवढंच राहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरं म्हणजे आमचे डेव्हलपर, प्रोग्रॅम लिहिणारे. ती पळाली नव्हती. ती का गेली ते मला माहीत आहे. ज्यांना पाच-सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवायची आहे, त्यांनाही ते कळावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. १९९८ साली मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघांनी अडत दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. डॉसवर चालणारं, प्रोग्रॅम लिहायचं फॉक्सप्रो २.६, एक असेंबल केलेला पीसी, त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. जिस्ट कार्डाचं मोल त्यावर काम केलेल्यांनाच कळेल. डॉसच्या काळ्या स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटायला लागली, तेव्हा आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत नुसती गावांची नावं टाइप करून बघत बसलो होतो. शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी, म्हणजे त्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मराठीतच पाहिजे, हा भागीदाराचा हट्ट होता. तीन प्रती, मध्ये कार्बन, आणि अडत (दुकानदाराचं कमिशन), हमाली, तोलाई, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) वजा जाऊन खाली निव्वळ रक्कम, तीही अक्षरी. त्या अक्षरी रकमेसाठी त्याचे चार दिवस गेले. इंग्रजीत वीसच्या पुढं जोडाजोड करून भागतं. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव, त्यामुळं सगळी यादी हातानं भरावी लागते. ती यादी आमच्या प्रोग्रॅममध्ये आजही तशीच चालू आहे.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे एक अडत दुकानदार. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. त्यांनी एकच अट घातली होती: "आधी आठ दिवस गादीवर येऊन बसायचं. सौदे बघायचे, पट्टी हातानं करायची. मग तुमचा कॉम्प्युटर." भागीदार बसला. हळदीचा हंगाम होता, तो रोज संध्याकाळी पिवळा होऊन परत यायचा. नववा दिवस उजाडला तेव्हा प्रोग्रॅमचा निम्मा आराखडा त्याच्या डोक्यात तयार होता. त्या काळी आमच्यात मॅनेजर असा कुणी नव्हताच. जो लिहायचा तोच काकांशी बोलायचा, तोच तारीख सांगायचा आणि चुकली तर शिव्याही तोच खायचा.

पुढची वर्षं बरी गेली. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, विंडोजवर गेलो, गिऱ्हाईकं साठाच्या वर गेली. २०११ ला भागीदार घरच्या कारणानं पुण्याला गेला. हिशेब एका दुपारी मिटला, आजही दिवाळीला घरी येतो.

आता २०१७. जीएसटी येणार हे २०१६ मध्येच दिसत होतं. पाच डेव्हलपर, साठ दुकानं, आणि सगळ्यांशी बोलणारा मी एकटा. म्हणून एका मोठ्या कंपनीत बारा वर्षं काढलेला प्रोजेक्ट मॅनेजर घेतला. त्याच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. आल्या आल्या त्यानं सगळे बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, त्यांची नोंद ठेवणाऱ्या रेडमाइन नावाच्या प्रोग्रॅममध्ये घातले. त्याआधी ते चिठ्ठ्यांवर असायचे, आणि चिठ्ठ्या चहाच्या कपाखाली. भिंतीवर कुठलं काम कधी संपणार याचा गँट चार्ट लागला, सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक, स्टँड-अप, सुरू झाली. मला वाटलं, आता आपण खरी कंपनी झालो.

चार्ट फेब्रुवारीत केला होता. कुठल्या मालावर किती जीएसटी, हे दर मात्र ठरले १८-१९ मेला, श्रीनगरला झालेल्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत. म्हणजे १ जुलैला, जीएसटी लागू व्हायला, जेमतेम सहा आठवडे. दुसऱ्या दिवशी आमची सगळ्यात जुनी डेव्हलपर, मिरजेची मुलगी, बिलाच्या कामाचा अंदाज घेऊन बसली. तिनं बावीस दिवस लिहिले. तिचं म्हणणं सरळ होतं: दर आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, लिहून चालणार नाही. दराचं वेगळं टेबल पाहिजे, प्रत्येक दरापुढं लागू तारीख पाहिजे, आणि बिलाच्या तारखेवरून दर उचलला गेला पाहिजे. मॅनेजरनं एक्सेलमध्ये बावीसचे दहा केले. "क्लायंटला बावीस सांगितले तर तो दुसरीकडं जाईल," म्हणाला. ती माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोललो नाही. आपण पगार देऊन आणलेला माणूस आहे, त्याला काम करू द्यावं, असं मला वाटलं. त्या खोलीतलं माझं गप्प बसणं मला आजही सलतं.

दहा दिवसांत काम होणार नव्हतं, झालं नाही. मग जूनमध्ये त्यानं दोन फ्रेशर, नुकतीच शिकून आलेली पोरं, घेतले. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते काम आणखी लांबतं. आमच्याकडं अक्षरशः तेच झालं. जिनं कोड लिहायचा ती मुलगी दिवसभर त्या दोघांना उचल म्हणजे काय, बारदान (पोती) म्हणजे काय, हे समजावत बसली. मॅनेजर रोज दुकानदारांना फोन करून सांगत होता, "नव्वद टक्के काम झालंय." आता बघा, नव्वद टक्के काम झालं असं जो सांगतो, त्याला राहिलेल्या दहा टक्क्यांत काय आहे ते कधीही विचारा. त्याला नेमकं सांगता आलं नाही, तर काम अर्धंसुद्धा झालेलं नाही असं धरून चाला.

३० जूनच्या रात्री नवा प्रोग्रॅम दुकानांत गेला. दर आयटम मास्टरमध्येच होता, लागू तारखेचं टेबल 'पुढच्या रिलीजमध्ये'. १ जुलै, शनिवार. एका बेदाण्याच्या दुकानातून फोन आला की आठ जूनच्या जुन्या बिलाची प्रत काढली, तर तिच्यावर पाच टक्के जीएसटी छापून आलाय. म्हणजे जो कर त्या तारखेला देशात अस्तित्वातच नव्हता, तो आमच्या प्रोग्रॅमनं लावला होता. सोमवारी दुसरी तक्रार, एका पैशाची. १,२३४ रुपये ६० पैशांच्या मालावर पाच टक्के म्हणजे ६१ रुपये ७३ पैसे. आमचं बिल अडीच टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि अडीच टक्के एसजीएसटी (राज्याचा वाटा) वेगवेगळे काढायचं: ३०.८६५ चे ३०.८७, असे दोनदा, बेरीज ६१.७४. रिपोर्टमध्ये मात्र पाच टक्के एकदम काढलेले. कागद आणि रिपोर्ट जुळेनात. पैसा एकच, पण अडत दुकानात एक पैशासाठी माणूस रात्रभर खतावणी तपासतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

चुका होतात, त्या आम्ही निस्तरल्याही असत्या. वाट लागली ती वेगळ्याच गोष्टीनं. मॅनेजर दुकानदारांना सांगत होता, "पोरांनी टेस्टिंग नीट केलं नाही." पोरांना सांगत होता, "क्लायंट फार चिडलाय, तुमचीच नावं घेतोय." दोन्ही बाजूंना एकाच तोंडून दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येत होत्या, आणि दोन्ही बाजू एकमेकांशी थेट बोलत नव्हत्या, कारण तशी पद्धत आम्हीच बंद केली होती. बावीसचे दहा झाले होते हे यार्डात कुणालाच माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये, जीएसटीच्या पहिल्या ३बी रिटर्नची (कराच्या विवरणपत्राची) मुदत २० वरून २५ तारखेवर गेली त्या आठवड्यात, पाचातल्या तिघांनी राजीनामे दिले. मिरजेची मुलगी त्यातच होती. सप्टेंबरात मॅनेजर गेला, आणि गेला तो यार्डात शिरू पाहणाऱ्या एका कंपनीत. आमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर, कुणाचं काय अडलंय, कोण किती चिडलंय, सगळं त्याला पाठ होतं. ती कंपनी दुकानादुकानांत सांगत फिरली की आम्ही बंद करतोय. दिवाळीपर्यंत सत्तावीस दुकानं गेली. धंद्यात स्पर्धा असते, ती मी मान्य करतो. पण बंद न झालेल्या माणसाला बंद झाला म्हणून सांगत फिरणं, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. ऑक्टोबरचा पगार मी गाडी विकून केला.

काका मात्र हलले नाहीत. त्यांच्याकडंही ते लोक गेले होते, जुना डेटा नव्या प्रोग्रॅममध्ये फुकट आणून देतो म्हणाले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, १९ ऑक्टोबरला, काकांनी मला दुकानात बोलावलं. हिशेब कॉम्प्युटरवर असले तरी ते पूजेला नव्या वह्या आणतातच, लाल कापडी बांधणीच्या. पूजा झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "तारीख कोण देत हुता रे? लिहिणारा, का बोलणारा?"

मी म्हटलं, "बोलणारा."

"आणि तू?"

मी काय सांगणार! काकांनी पुजलेल्या वह्यांतली एक माझ्या हातात ठेवली. "हिच्यात तारीख लिहिणाऱ्यानंच घालायची. तू बी नाही घालायची."

ती वही आमच्या टेबलावर आहे. आता सहावी चालू आहे. डावीकडं काम, मग ज्यानं लिहायचं त्याच्या हातानं अंदाज आणि सही, मग प्रत्यक्ष लागलेले दिवस, शेवटी कारण. खाडाखोड चालत नाही. पहिल्याच पानावरची एक नोंद सांगतो: 'पट्टीत हमालीचा दर बदलणे. अंदाज अर्धा दिवस. प्रत्यक्ष तीन दिवस. कारण: जुनी पट्टी पुन्हा छापली तर जुनाच दर यायला पाहिजे.' ही नोंद त्याच मिरजेच्या मुलीची. जानेवारी २०१८ मध्ये तिला परत ये म्हणायला मी स्वतः गेलो होतो. तिनं पगाराचं काही काढलं नाही. म्हणाली, "सर, गिऱ्हाईक काय म्हणालं ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय." आली, आणि पहिला महिनाभर लागू तारखेचं टेबलच करत बसली, तिचे बावीस दिवस पूर्ण घेऊन. वर चार जास्त लागले, तेही तिनं वहीत लिहिले.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. प्रोजेक्ट मॅनेजर नकोच, असं म्हणणारे डेव्हलपर मला बऱ्याचदा भेटतात. त्यांना वाटतं, सगळी पिडा त्याचीच. तसं नाही. आमच्याकडं आज प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, पूर्वी आमच्याच सपोर्टच्या फोनवर बसायच्या. त्यांच्यामुळं डेव्हलपरच्या टेबलावर फोन वाजत नाही. सलग तीन तास मिळाले तर जे काम होतं ते तुकड्या-तुकड्यांच्या आठ तासांत होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "एवढंसं तर आहे" म्हणणाऱ्या दुकानदाराला त्या गोडीनं विचारतात, "मग यादीतलं कुठलं काम मागं ठेवू?" हे विचारणं हेच त्यांचं मोठं काम. त्या तारीख कळवतात, ठरवत नाहीत. आणि दर हंगामात प्रत्येक नवा डेव्हलपर दोन दिवस काकांच्या गादीवर बसून हातानं पट्ट्या करतो, त्या स्वतःही बसतात. तुमच्याकडं गादी नसेल तर गिऱ्हाइकाचं काउंटर असेल, गोडाऊन असेल. पाठवा. ऑफिसात बसून रिक्वायरमेंट कळत नाही.

३ सप्टेंबर २०२५ ला रात्री जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू २२ तारखेपासून. आमच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत बदाम-पिस्ते बारावरून पाचवर आले. चार तारखेला सकाळी वहीत नोंद झाली: अंदाज ३ दिवस, प्रत्यक्ष ४. कारण: २२ च्या आधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्या दरानं निघाली पाहिजे. जुनी बिलं हलली नाहीत.

२३ ला २०१७ मध्ये सोडून गेलेल्या एका दुकानातून फोन आला. त्यांच्या ऑगस्टच्या बिलांची प्रत काढली की नवा दर छापून येत होता. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर मॅडमनी फोन घेतला, दोन बिलं व्हॉट्सअॅपवर मागवली आणि सांगितलं, "किती दिवस लागतील ते उद्या सांगते, आधी विचारते." दुसऱ्या दिवशी वहीत 'जुना डेटा आणणे, अंदाज ९ दिवस' अशी नोंद पडली. काम सुरू आहे.