रात्री दोन बेचाळीसची नोंद

ऐरोलीच्या ऑफिसात माझी रात्रपाळी होती. ग्राहक कंपन्यांच्या संगणकांवर कोणी घुसतंय का, यावर नजर ठेवणं हे माझं काम. एका ग्राहक कंपनीचा उरणकडच्या गोदामातला सर्व्हर दर दहा मिनिटांनी बाहेर काहीतरी पाठवत होता. कधी नऊ मिनिटं पन्नास सेकंदांनी, कधी दहा मिनिटं पाच सेकंदांनी, पण थांबत नव्हता. पलीकडचा पत्ता परदेशातला, डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, जेमतेम आठवड्यापूर्वी नोंदवलेलं. मध्यरात्रीनंतर ॲडमिनच्या नावाने लॉगिनही झालेलं दिसलं. आत कोणीतरी येऊन बसलं होतं.

मला जून २०१७ आठवला. नोटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावाशेव्याच्या बंदरातलं, त्यांच्या गटाचं टर्मिनलही अडकलं. बाबा तेव्हा न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात होते. कोणता कंटेनर कुठे आहे हेच कुणाला सांगता येत नाही, असं घरी येऊन सांगत होते.

दोन अठ्ठावन्नला मॅनेजरना मेल केली. लगेच फोन आला, ''काँट्रॅक्ट रिन्यूअलला आलंय. सोमवारपर्यंत कुठे बोलू नकोस.'' मी म्हटलं, ''सर, हे मेलवर कळवाल का?'' फोन बंद झाला. सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सुरक्षा प्रमुखांना आणि लीगलला लिहिलं. उत्तर नाही. आठ पाचला मी सर्ट-इनला कळवलं आणि त्याच मेलमध्ये सगळ्या वरिष्ठांना प्रत ठेवली. लपूनछपून काही करायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र काढून घेतलं, हातात कारणे दाखवा नोटीस. मुदत सात दिवस. पहिला आरोप, ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर दिली. दुसरा, घटना रात्री नऊ बाराला दिसूनही पावणेसहा तास दडवली. दुसरा वाचून माझे हातपाय गळाले. लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, २१:१२ खरंच होतं.

घरी, ठाण्याला, आईला नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, ''नऊ बाराला? तेव्हा तू इथे पिठलं-भाकरी खात होतीस की.'' मग लक्षात आलं. आमचे लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, मेल भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक. २१:१२ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे दोन बेचाळीस. रोज हेच वाचणारी मी, भीतीपोटी एवढं विसरले होते.

ठाण्यातल्या एका वकीलताईंना भेटले. २०१४ चा व्हिसल ब्लोअर कायदा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी नोकरीत त्याचा आधार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत सँडिया या सरकारी प्रयोगशाळेतल्या संगणक सुरक्षेचं काम करणाऱ्या शॉन कार्पेंटरला परदेशी हॅकरांचा माग काढल्यावर जानेवारी २००५ मध्ये काढून टाकलं. त्याच्या खटल्यात ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण २००७ मध्ये. माझ्याकडे दोन वर्षं नव्हती, हप्ते होते. ताई म्हणाल्या, ''आधी तुझं नेमणूकपत्र आण.'' गोपनीयतेच्या कलमातच शेवटी होतं, ''कायद्याने आवश्यक असेल ते वगळून.'' ती ओळ मी सहीच्या वेळी वाचलीच नव्हती.

उत्तरात दोन मागण्याही केल्या. प्रवेशद्वाराची त्या रात्रीची नोंद द्या, आणि १८० दिवस लॉग जपायचा नियम आहे, तेव्हा काहीही पुसू नका.

चौकशीत मी लॉगचा छापील कागद ठेवला. प्रत्येक ओळीपुढे भारतीय वेळ पेनाने लिहिली होती. चौकशी अधिकारी बाईंनी बोट फिरवत दोन्ही रकाने पाहिले. मग प्रवेशाची नोंद उघडली. मी आत आले होते नऊ एक्कावन्नला. बाईंनी चष्मा काढला आणि मॅनेजरना विचारलं, ''मग नऊ बाराला यांनी पाहिलं कुठून?'' ते काही बोलले नाहीत.

दुसरा आरोप मागे घेतला. पहिल्यावर ताकीदपत्र दिलं आणि मला ग्राहकाच्या कामावरून काढून दिवसपाळीत अहवाल बनवायला बसवलं. वेतनवाढही गेली. हे अन्यायाचं होतं, आजही मी तसंच म्हणते. ताकीदपत्रावर असहमती लिहून दिली, आवक शिक्का मारून पोच घेतली. चार महिन्यांनी राजीनामा दिला.

नंतर त्या ग्राहक कंपनीतल्या एका मुलाने फोन केला. शोध घेताना आणखी एक सर्व्हर तसाच सापडला होता. तोही दर दहा मिनिटांनी बोलत होता.