कटानच्या पटावर साष्टीची मोहीम

कटान (वस्त्या-रस्ते बांधायचा पटावरचा खेळ) आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) एकाच कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांच्या सलग गोष्टीत, चालवायचं ठरलं की पहिला मोह होतो सगळं सगळ्याला जोडण्याचा. विटांचं सोनं, सोन्याची तलवार, तलवारीने जिंकलेलं गाव पुन्हा पटावर. दुसऱ्या सेशनला हिशेबाची वही निघते, तिसऱ्याला निम्मे जण कारणं सांगतात. पटाने, म्हणजे कटानने, प्रश्न उभा करावा, सेशनने, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बैठकीने, त्याचं उत्तर द्यावं, आणि दोघांमधली वाट अरुंद ठेवावी. पुढचे सगळे नियम त्यासाठीच आहेत.

वेळेचं आधी बघा. ठाण्यातल्या वन-बीएचकेचा हॉल रविवारी चार ते आठच मिळतो असं धरा. चौघांच्या तीन फेऱ्या म्हणजे १२ पाळ्या. पाळीला चार मिनिटं धरली तर पट पाऊण तासात उरकतो, दहा मिनिटं चहा, उरलेले तीन तास सेशन. पूर्ण कटान साधारण ६० ते ७० पाळ्यांत संपतं, म्हणून कॅम्पेन सहा सेशनांचंच ठेवा: १८ फेऱ्या, ७२ पाळ्या. पुढे ताणलंत तर पट भरून जातो आणि रस्ता टाकायला जागा उरत नाही. सुरुवातीच्या दोन वस्त्या आणि दोन रस्ते शून्याव्या सेशनलाच, कॅरेक्टर बनवताना, मांडून टाका. जीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) पटावर खेळू नये. पाचवा खेळाडू असेल तर दोघांनी मिळून एक रंग चालवावा.

आता मुलूख. साष्टीची (ठाणे-मुंबईच्या बेटाची) मोहीम या खेळासाठी मापून शिवल्यासारखी बसते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला (तोच, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे) आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. पहिली फेरी मार्च १७३७ च्या मध्यापासून धरा आणि प्रत्येक फेरी दीड महिन्याची करा. अठरावी फेरी बरोबर मे १७३९ च्या सुरुवातीला येते, म्हणजे शेवटच्या सेशनला वसईच्या तटाखालीच उभं राहायचं. तिसरी आणि अकरावी फेरी मध्य जून ते जुलैअखेर पडते. त्या दोन फेऱ्यांत बंदरं बंद: दोन पत्ते देऊन एक (२:१) नाही, ३:१ नाही, फक्त ४:१. नारळी पौर्णिमेआधी होडी बाहेर काढायची नाही, हे कोळीवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. खेळाडूही एकदा हात पोळला की लक्षात ठेवतात.

पटाच्या १९ हेक्सना (षटकोनी तुकड्यांना) इथली नावं द्या. चार जंगलं येऊरची, चार शेतं भातखाचरांची, तीन डोंगर पारसिकच्या दगडखाणींचे, तीन टेकड्या वीटभट्ट्यांच्या. साष्टीत मेंढ्या कुठून आणणार? चार कुरणांना खाजण (खाडीकाठची खारी जमीन) म्हणा आणि लोकरीच्या जागी सुकी मासळी. वाळवंट म्हणजे मिठागर. भूगोल तंतोतंत जुळवायला जाऊ नका, त्यात संध्याकाळ जाते आणि घोडबंदर तरीही चुकीच्या कोपऱ्यात येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सातवर. दोन फाशांवर ७ पडण्याची शक्यता ३६ पैकी ६. बारा पाळ्यांत एकदा तरी ७ येण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के, आणि सरासरी दोनदा येतो. मूळ नियमाने प्रत्येक सातला रॉबर (ज्या हेक्सवर बसेल त्याचं उत्पन्न थांबवणारी लुटारूची सोंगटी) हलतो. म्हणजे जीएमने पहिल्या सातवर खाजणातल्या लुटारूंचा प्रसंग मनात बांधायला घेतला, की दुसऱ्या सातला टोळी येऊरच्या जंगलात गेलेली. म्हणून पहिल्या सातलाच रॉबर हलवा. सेशन त्याच हेक्सवर होणार. पुढच्या सातांना फक्त सातपेक्षा जास्त पत्तेवाल्यांनी निम्मे टाकायचे आणि रॉबरशेजारच्या एकाचा एक पत्ता उचलायचा. सात आलाच नाही, तर टोळी जागच्या जागी माजते: शत्रू दीडपट. मूळ खेळात रॉबर हलवणारा नाइटचा पत्ता इथे त्याला हलवत नाही, त्या सेशनमधले शत्रू पाव हिश्शाने कमी करतो. सेशनमध्ये टोळी हटली तरच रॉबर मिठागरावर परत. आणि पटावर डी२० (वीस बाजूंचा फासा) वापरू नका. त्याच्यावर प्रत्येक आकड्याला सारखेच ५ टक्के, मग सहा-आठच्या चकत्यांना किंमतच राहत नाही. (चकती म्हणजे हेक्सवरचा आकडा: फाशांवर तो आला की शेजारच्या वस्तीला पत्ता मिळतो.)

दुसरं दुखणं श्रीमंताचं. चकतीवरचे ठिपके मोजा, तो आकडा ३६ पैकी किती वेळा येतो ते त्यातून कळतं. ६, ९ आणि ५ यांच्या मधल्या कोपऱ्याला १३ ठिपके, म्हणजे ७२ पाळ्यांत सरासरी २६ पत्ते. २, १२ आणि ३ च्या कोपऱ्याला चारच ठिपके, म्हणजे ८ पत्ते. मागे पडलेला खेळाडू तिसऱ्या सेशनपासून मोबाइल काढतो आणि त्याला बोलही लावता येत नाही. इलाज असा: सेशन जिंकलं की बक्षीस म्हणून वाचवलेल्या हेक्सची चकती बरोबर एक ठिपका जास्त असलेल्या दुसऱ्या चकतीशी बदलायची. ३ होती तर ४ किंवा १० घ्या. ६ आणि ८ शेजारी येऊ देऊ नका. चकती दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून येते, भांडण होतं, होऊ द्या.

पटावरून सेशनमध्ये प्रत्येकाने दोनच पत्ते न्यायचे. लाकूड म्हणजे उघड्यावरची एक निर्धोक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती). भात म्हणजे चौघांची आठवड्याची शिदोरी. वीट म्हणजे एका लढाईपुरतं हाफ कव्हर (अर्धा आडोसा), एसी (बचावाचा आकडा) +२. दगडाने खिंड बुजवली की शत्रूची कुमक एक राउंड उशिरा येते. सुकी मासळी तांडेलापुढे (होडीच्या म्होरक्यापुढे) ठेवली की पर्सुएशनच्या (मन वळवण्याच्या) एका फाशाला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. सोन्यात रूपांतर कुठेच नाही! मोनोपॉलीचे (सगळ्यांकडचा एका प्रकारचा माल नेणारे) दोन पत्ते गड्डीतून आधीच काढा. हातातले पत्ते सेशनागणिक टिकतात, तेव्हा मोनोपॉली महिन्याभराची साठवण एका फटक्यात नेते. दहा गुण झाले की मूळ खेळ संपतो, इथे संपत नाही. त्या रंगाला सनद मिळते, शेवटच्या हल्ल्याची जागा तो ठरवतो.

पटावर चौघे एकमेकांचे वैरी, सेशनमध्ये एकाच टोळीचे. हा सांधा कच्चा असतो. तुमचं कॅरेक्टर तुमच्या रंगाचं नको, उजवीकडच्या खेळाडूच्या रंगाचं ठेवा. मग "तुला वीट देणार नाही" म्हणणाऱ्यालाच तासाभराने त्या वस्तीच्या पाटलापुढे उभं राहावं लागतं.

उरली मांडणी. टीपॉयवर पट मावत नाही. चटई अंथरा आणि पंखा दोनवर आणा, पत्ते वाटीखाली. फ्रेम लावून पटाची रुंदी मोजा, दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटर जास्त धरून ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) कापा आणि प्रत्येक हेक्सखाली वाटाण्याएवढं ब्लू टॅक लावा. डबल टेप नको, काढताना छपाईचा पापुद्रा निघतो. उचलण्याआधी बरोबर वरून फोटो काढा, रॉबर आणि चकत्यांचे आकडे वाचता येताहेत ना ते तिथेच मोठं करून बघा. प्रत्येक रंगाचे पत्ते वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर नाव. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, हेक्सच्या कडा उचलतात आणि फ्रेम मिटत नाही. तेव्हा सनबोर्ड आडवाच ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि वर लाकडी पाट.