अर्धा इंच माया

२७ डिसेंबर

उद्या रविवार, मंगलदास मार्केट बंद. म्हणून आजच जाऊन आले. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या कडेकडेने चालत गेले. आत शिरल्याबरोबर कोऱ्या कापडाच्या खळीचा तो वास आला आणि हात शिवशिवायला लागले.

यादी लहान होती. संक्रांतीच्या वाणाला २१ पिशव्यांचं कापड आणि भाचीच्या बाळाच्या बोरन्हाणाला काळं झबलं. पिशव्यांचा हिशोब घरूनच मांडून नेला होता. तयार पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच. तळाला घडी ठेवली की खाली शिवण येत नाही, म्हणून एकच तुकडा १५ बाय ३५ चा. मांजरपाट ३६ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, घेतला तर ३५ इंच पन्ह्यात बसतात आणि एका पिशवीला लांबीतले १५ इंचच जातात. २१ पिशव्यांचे ३१५ इंच, म्हणजे ८ मीटर. मी ९ घेतले. कोरा मांजरपाट पाण्यात पडला की आटतो, आणि लांबीत जास्त आटतो.

मग भुलेश्वरला जाऊन सुती नवार, म्हणजे जाड विणलेली पट्टी, घेतली, बंदांसाठी. एका पिशवीला २४ इंचांचे दोन बंद, सगळे मिळून साडेपंचवीस मीटरच्या वर. २६ मीटर मापून घेतली.

नवार घेण्यामागे गेल्या वर्षीची गोष्ट आहे. ती इथे लिहूनच ठेवते. गेल्या संक्रांतीलाही मी पिशव्याच दिल्या होत्या. प्रत्येकीवर साखळी टाक्याने पतंग भरला होता, आत फुलाफुलांचं अस्तर होतं. दिसायला फार गोड. बंद मात्र कापडाचेच, वरच्या दुमडीत खुपसून एक टीप मारलेले. मार्चमध्ये शेजारच्या वहिनींच्या पिशवीचा बंद दादरच्या पुलावर, ऐन संध्याकाळच्या गर्दीत तुटला. कांदे लोकांच्या पायांखाली गेले. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार दिवसांनी पिशवी धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे घेऊन आल्या. "तेवढा बंद लावून द्याल का हो? मला ही पिशवी आवडते."

ते मनाला लागून राहिलं. पतंग भरायला मी तीन-तीन तास घातले होते आणि बंदाला तीन मिनिटं. नंतर एकेकीला विचारत गेले तेव्हा कळलं की बाकीच्या बहुतेक पिशव्या कपाटात आहेत. "इतकी छान आहे, जपून ठेवलीय." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. वापरायची वस्तू कपाटात राहिली तर माझ्या शिवण्यातच काहीतरी राहून गेलं.

३० डिसेंबर

कापड रात्रभर टबात भिजवून सकाळी गच्चीवर वाळत घातलं. आमच्या भांडुपच्या गॅलरीत ९ मीटर कुठे मावणार! खालच्या वॉचमनने दोरीचं एक टोक धरून दिलं. वाळल्यावर मापलं तर ३६ चा पन्हा सव्वापस्तीसवर आला होता आणि लांबी साडेआठ मीटरच्या थोडी वर. पुरेल.

काळं कापडही भिजवलं. चार पाणी काळी गेली, पाचवं स्वच्छ. नवं काळं कापड न धुता तान्ह्या मुलाच्या अंगाला लावायचं नाही. घामाने रंग सुटतो आणि मूल ते चोखतं.

४ जानेवारी

आईची पायमशीन. लालबागच्या चाळीतून इथपर्यंत तिच्याबरोबर आम्हीही आलो, असंच म्हणायला हवं. पट्टा तीनदा बदललाय, बाकी सगळं मूळचं. आज बसले तर खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडायला लागले. पूर्वी मी अशा वेळी बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसायची आणि आणखी बिघडवून ठेवायची. फासे खाली दिसत असले तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. ओवताना तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबपट्टी वर करून दोरा पुन्हा ओवला, टीप सरळ पडली. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालचा कचराही ब्रशने काढला. बोटभर राखाडी कापूस निघाला. सुई १४ नंबरची होती, ती काढून १६ ची लावली, कारण बंदापाशी मांजरपाटाचे थर आणि नवार एकत्र येतात. तेल मशीनचंच. आई चाळीतल्या बायकांना बजावून सांगायची, खोबरेल घालू नका, ते आत चिकटून बसतं आणि मशीन जड चालते.

रात्री जेवणं झाल्यावर टेबल भिंतीला सरकवून फरशीवर २१ तुकडे कापले. या घरात तेवढी मोकळी जमीन रात्री साडेनऊनंतरच मिळते.

६ जानेवारी

बाजूच्या शिवणींना दोनदा टीप मारते आहे. आधी सुलटी बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर, मग पिशवी उलटवून कडेने दुसरी, तीही पाव इंचावर. कापडाचे सुटे धागे आत बंद होतात, अस्तर लागत नाही. अस्तर गेलं ते बरंच झालं. भाजीची पिशवी वरचेवर धुवावी लागते, आणि अस्तराची पिशवी मुंबईच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरते.

बंदाचं टोक आता दीड इंच खाली उतरवलं, चारी बाजूंनी चौकोनी टीप घातली आणि चौकोनात फुली. पहिली पिशवी तयार झाली तेव्हा तिच्यात ५ किलो तांदूळ भरून स्वयंपाकघराच्या दाराच्या खिळ्याला रात्रभर टांगली. ह्यांनी पाणी प्यायला उठल्यावर विचारलं, हे काय चाललंय. सांगितलं, परीक्षा. सकाळी बघितलं तर एक टाका हलला नव्हता.

भरतकाम नाही, पतंग नाही. आतल्या बाजूला मात्र एक नाडी लावली आहे. पिशवी गुंडाळून तिने बांधली की मुठीएवढी होते, पर्समध्ये राहते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून घरोघरी कापडी पिशव्या आहेत, पण त्या घरी असतात आणि भाजी दिसते स्टेशनबाहेर. ऑफिसातून परत येणाऱ्या बाईच्या पर्समध्ये जी मावते तीच पिशवी कामाची.

९ जानेवारी

आज पिशव्या बाजूला ठेवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांना चंची करून दिली. पानसुपारीची चंची असते ना, गुंडाळायची, कप्प्याकप्प्यांची, तीच, पण औषधांसाठी. काकांचे हात थरथरतात आणि अक्षर दिसत नाही. गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात एकत्र असतात आणि रोज गोंधळ होतो. परवा सकाळची गोळी दोनदा घेतली गेली, काकू घाबरून गेल्या होत्या.

तीन कप्पे केले. सकाळचा पिवळा, दुपारचा हिरवा, रात्रीचा गडद निळा. आधी नाडी लावणार होते, चंचीला नाडीच शोभते. मग वर जाऊन काकांना चहाचा कप उचलताना पाहिलं आणि नाडीचा विचार सोडला. गाठ सोडणं त्यांना जमणार नाही, टिचबटण दाबणंही नाही. रुंद वेलक्रो लावला आणि झाकणाचं टोक दोन इंच बाहेर सोडलं, मूठभर धरून ओढता यावं म्हणून. शिवायला तास लागला असेल. ठरवायला चार दिवस लागले.

काकांनी माझ्यासमोर ती पाच-सहा वेळा उघडली, मिटली. मग म्हणाले, "हे मला एकट्याला येतंय."

१३ जानेवारी

आज भोगी. सकाळी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, लेकुरवाळी भाजी, आणि दुपारी झबलं.

बाळ आठ महिन्यांचं आहे. भाचीकडून त्याचं रोजचं एक झबलं मागून घेतलं होतं, ते कागदावर ठेवून माप काढलं. गळ्याला त्याच कापडाची उरेब पट्टी. तिरकी कापलेली पट्टी वळणावर ताणते आणि गळा चपटा बसतो. सरळ पट्टी तिथे चुण्या धरते आणि मानेला काचते. बटणं नाहीत, मागे आखूड नाड्या. या पट्ट्यांना मशीन लावली नाही, हाताने तुरपाई केली, कारण आतली बाजूही मऊ राहायला हवी.

खरा प्रश्न हलव्याच्या दागिन्यांचा होता. हलवा जितका काटेरी तितका चांगला म्हणतात, पण तो बाळाच्या मानेला टोचतो, आणि बोरन्हाणाच्या प्रत्येक फोटोत मूल रडत असतं ते काही बोरांमुळे नाही. म्हणून वेगळी गळपट्टी शिवली, दुहेरी मलमलीची, आणि हार तिच्यावर दोऱ्याने टाचून टाकला. पट्टी झबल्याला चार कच्च्या टाक्यांनी धरली आहे. समारंभ झाला की ते टाके ओढायचे, हार बाजूला, झबलं रोजच्या वापरात.

खांद्याला आणि खालच्या दुमडीला दीड-दीड इंच माया सोडली. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. मोठ्यांच्या कपड्याला अर्धा इंच पुरते. आई म्हणायची, मुलाच्या कपड्याला माया सोडताना हात आखडू नये, ते उद्या वाढणार असतं. माझ्या शाळेच्या फ्रॉकला तर ती घेरात तीन इंच ठेवायची. दरवर्षी जूनमध्ये उसवून खाली घ्यायची, आणि खाली आलेल्या पट्टीचा रंग बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद दिसायचा.

१८ जानेवारी

काल हळदीकुंकू झालं. २१ पिशव्या गेल्या. तिळगूळ, हळकुंड आणि गुंडाळलेली पिशवी. दोघीतिघींनी विचारलं, यंदा पतंग नाही का? शेजारच्या वहिनींनी मात्र पिशवी तिथेच उलगडली, बंदाला हिसका दिला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

आज १८ जानेवारी. १९८२ साली याच तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, त्यांत बाबाही. साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. मी दहा वर्षांची होते. त्याआधी आईची मशीन आमचे आणि शेजाऱ्यांचे कपडे शिवायची, ती हौस होती. त्या वर्षी आईने परकर शिवायला घेतले, डझनाच्या भावाने. पहाटे पाचला पायाचा आवाज सुरू व्हायचा. खालच्या खोलीतल्या आजींनी एकदाही तक्रार केली नाही.

बाबा पहिले दोन महिने दाराशी बसून असायचे. मग एक दिवस त्यांनी न बोलता कात्री घेतली आणि शिवलेल्या परकरांचे सुटे दोरे कापायला लागले. नंतर नेफ्यात नाड्या ओवायला लागले. आयुष्यभर सात-आठ फुटांच्या मागावर कापड काढलेला माणूस सेफ्टी पिनेने नाडी ओवत होता. मला तेव्हा त्याची लाज वाटली होती. मैत्रिणी आल्या की मी दार लोटून घ्यायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा नाडीच्या दोन्ही टोकांना आधी गाठ मारायचे, मग नेफ्याच्या मधोमध एक आडवा टाका घालायचे, म्हणजे धुताना नाडी निघून येत नाही. आईला कुणी तसं सांगितलं नव्हतं, मालवाल्यानेही नाही. त्याचे पैसे जास्त मिळत नव्हते. कोण कुठल्या बायका ते परकर नेसणार, त्यांची नाडी निघू नये म्हणून ते रोज दोन-तीन डझन टाके जास्त घालायचे. पिशव्यांच्या आतली नाडी लावताना माझ्याकडून तो टाका आपोआप पडत होता. पाचव्या-सहाव्या पिशवीला लक्षात आलं.

२५ जानेवारी

रथसप्तमी. ताईच्या घरी बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, आणि आता चॉकलेटंही असतात, ती लुटायला सगळ्या बिल्डिंगची पोरं. बाळ रडलं नाही. गळपट्टीचं टोक तोंडात घालून मुलांची धांदल बघत बसलं होतं. हलवा तोंडात जाईल म्हणून भाचीने पाच मिनिटांत पट्टी काढायला घेतली. मी टाका दाखवला, तिने ओढला, हार सुटून हातात आला.

निघताना ती झबलं उलटं करून बघत होती. "मावशी, आत एवढं कापड का दुमडलंयस? कापायचं राहिलं का?"

"राहू दे ते," म्हटलं. "एप्रिलमध्ये घेऊन ये, उसवून देते."

परत येताना भांडुप स्टेशनबाहेर सोसायटीतली एक मुलगी दिसली, हळदीकुंकवाला तिची आई आली होती. खांद्याला माझी पिशवी. आत कोबी आणि वर पालकाची जुडी. पिशवीच्या कोपऱ्याला हळदीचा की आमटीचा मोठा पिवळा डाग पडलेला होता. मी पुढे जाऊन तिला थांबवलं नाही, पण बंद दोन्ही बाजूंनी बघून घेतला. चौकोन सरळ आहे.

नवारीचा एक तुकडा उरलाय, फूटभर असेल. काकांच्या चंचीला भिंतीवर अडकवायला फासा हवा आहे. उद्या ते.