तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याला नंबर लागूनही मी का गेले नाही

दर जूनमध्ये घरात कुणाची ना कुणाची ॲडमिशन निघते आणि हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. "तुमच्या वेळी रँकिंग नव्हतं, मग कॉलेज निवडायचात तरी कसं?" पाठोपाठ दुसरा: "तुमचा तर पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता ना? मग जिल्ह्याच्या कॉलेजात बीएस्सी का केलंत?" आजवर मी "परिस्थिती" एवढंच म्हणून विषय बदलत आले. आता सविस्तर सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आमच्याकडे, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात, १९९१ साली घरातला पहिला प्रश्न असायचा, "तिथं आपलं कोण आहे?" आत्या, मामाचा मेहुणा, गावातला कुणी तिथं नोकरीला. दुसरा प्रश्न, राहायचं कुठं आणि जेवायचं काय. हे झाल्यावर कॉलेज. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या भागात शिक्षण आलं तेच बोर्डिंगच्या वाटेनं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलांची सोय करत आली. आधी डोक्यावर छप्पर, मग पुस्तक, हा हिशोब आमच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवातून शिकला होता.

आणि रँकिंग अगदीच नव्हतं असंही नाही. बारावीचा निकाल लागला की पेपरात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो यायचे, खाली कॉलेजचं नाव. लातूर पॅटर्नचा, म्हणजे लातूरच्या कॉलेजांच्या कसून तयारी करून घेण्याच्या पद्धतीचा, बोलबाला त्याच यादीमुळे झाला. इंजिनिअरिंगला तेव्हा सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मार्कांवर नंबर लागायचा. कुठल्या कॉलेजची यादी किती मार्कांवर बंद झाली हे तोंडोतोंडी फिरायचं. पूर्वी मी मोठ्या अभिमानानं सांगायचे की आम्ही याद्या न बघता, मनापासून शिकलो. आता तसं म्हणत नाही. यादी होती. फक्त ती आम्हाला नीट वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

पुण्याच्या त्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. तिथं बहुतेक जागा पुणे विद्यापीठाच्या मुलांना. मी शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली, म्हणजे बाहेरची. तरी नंबर लागला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी पहिल्या एसटीनं गेलो. ओरिजनल सर्टिफिकेटं पिशवीत, पिशवी अण्णांच्या मांडीवर, स्वारगेटपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही. नोटीस बोर्डाला जाळीचं दार होतं, आत टाइप केलेल्या याद्या. माझं नाव सापडल्यावरही अण्णांचं बोट थांबलं नाही. ते पुढची-मागची आडनावं वाचत होते. आपल्या भागातलं, आपल्या बाजूचं कुणी आहे का. मुलींची नावं मुळात थोडी, ओळखीचं एकही नाही.

ऑफिसात कळलं की मुलींच्या हॉस्टेलमध्ये जागा उरलेली नाही. क्लार्क वाईट बोलला नाही, पुढच्या माणसाला आत बोलावलं इतकंच. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. तेवढ्यात वर्कशॉपमधून खाकी कपड्यातला एक माणूस हात पुसत बाहेर आला, कुणाला तरी हाक मारली, आणि त्या हाकेवरून अण्णांनी ओळखलं. "पाव्हणं, गाव कंचं?" शेजारच्याच तालुक्यातला निघाला. अण्णांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, मार्क सांगितले, आणि विचारलं, "ठेवू का पोरगी इथं?"

तो माझ्याकडे बघून मग बोलला. "पोरगी हुशार हाय, कॉलेज तर एक नंबर हाय. पर हॉस्टेल न्हाय. बाहेर खोली घ्याची म्हंजी प्रॅक्टिकल सुटून जायाला अंधार व्हतो. माझी असती तर म्या न्हाय ठेवली."

संपलं. प्रवेश घ्यायला ज्या ऑफिसपुढे रांग लावायची होती तिथं आम्ही गेलोच नाही. कात्रजचा घाट उतरल्यावर अण्णा म्हणाले, "साताऱ्याला आत्या आहे." मी हो म्हणाले.

"भांडला का नाहीत?" हेही विचारतात. कुणाशी भांडू? गावात मुलींची दहावी झाली की स्थळं बघायला लागायचे. त्या गावातून हा माणूस मुलीला घेऊन पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पायरीपर्यंत आला होता. त्याला तुम्ही मागासलेला म्हणता तेव्हा मला बोलल्याशिवाय राहवत नाही. पण मग हेही सांगायला हवं की पुढं कितीतरी वर्षं मला त्या खाकी कपड्यातल्या माणसाचा राग येत राहिला. अण्णांवर रागवण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि तो खोटं कुठं बोलला होता?

बीएस्सी वाया गेलं नाही. फिजिक्सच्या सरांनी सुट्टीतही लॅबची किल्ली आमच्या हाती दिली. पुढं एमएस्सी केलं, शिकवायला लागले, त्यात जीव रमला. तरी पुतण्याचा ड्रॉइंग बोर्ड टेबलावर उघडा असला की मी दुसऱ्या खोलीत जाते.

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या रँकिंगची, घोषणा २०१५ साली झाली, पहिली यादी २०१६ ला आली. मी ती बारकाईनं वाचते. माहिती कॉलेजंच भरून देतात आणि लोकांच्या मतालाही गुण असतात, म्हणून मी तिला वेदवाक्य मानत नाही. पण किती मुलं नोकरीला लागली, मधला पगार किती, मुली किती टक्के, हे त्यात मोजतात. अण्णांना हेच कुणी सांगितलं नव्हतं. तिथं राहण्यात धोका काय हे सांगणारा माणूस भेटला. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलीचं काय होतं हे सांगणारा भेटला नाही. दोन्ही कळलं असतं तर? कधी वाटतं अण्णा त्या रांगेत उभे राहिले असते. कधी वाटतं, अंधाराच्या त्या एका वाक्यापुढं कुठलाच आकडा टिकला नसता.

यंदा भाचीला पुण्याचंच कॉलेज पहिल्या पसंतीला घालायला मी सांगितलं. माझी धाकटी बहीण लगेच म्हणाली, "आक्का, हॉस्टेल नाही मिळालं तर?" खोली बघू, मी स्वतः महिनाभर येऊन राहते, असं मी म्हणाले. तिला ते पटलेलं नाही. फॉर्मची शेवटची तारीख परवा आहे आणि आमचं अजून चालूच आहे.