तीस लाखांआधीचा पॉज

मंगळवार, रात्री पावणेबारा

घसा बसलाय, झोप येत नाही. लिहून काढलं तर डोक्यातून जाईल, म्हणून बसलेय.

आज पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमच्या पथनाट्याचा प्रयोग झाला. या वर्षातला बारावा. गोल छान जमला होता, डफ तापलेला, पोरं अगदी पायाशी येऊन बसलेली. माझं वाक्य शेवटून दुसरं. 'गटारात उतरून मेलेल्या माणसाची किंमत सुप्रीम कोर्टानं ठरवलीय...' इथे मी थांबते. दोन मात्रा. मग खर्जात, 'तीस लाख!'

आधी संहितेत दहा लाख होते, २०१४ च्या निकालातले. २०२३ च्या ऑक्टोबरात कोर्टानं तीस केले, तेव्हा आमचं नाटक बसवणाऱ्या दादानं पेनानं खोडून आकडा बदलला. मला आठवतंय मी मनात काय म्हणाले होते. बरं झालं, 'दहा'पेक्षा 'तीस' तोंडात जास्त भरतं.

प्रयोगानंतर पोरं डफ, झेंडे गोळा करत होती. मी पाणी पीत होते. एक मावशी आल्या.

"ताई, ते तीस लाख म्हणला ना तुम्ही, त्याचा अर्ज कुठं द्यायचा?"

त्यांचा दीर. सोसायटीची मैल्याची टाकी साफ करायला उतरला होता, तो वर आलाच नाही. ठेकेदारानं काहीतरी हातावर टेकवलं आणि विषय मिटवला. जाऊबाई बोलत नाहीत, म्हणून या विचारतायत.

मी म्हटलं, "चौकशी करून सांगते हं मावशी." आणि तेही खर्जात म्हटलं. बाई गं!

घरी येताना बसमध्ये आधी राग आला. मीच का सगळं माहीत असायला हवं? चहाचे पैसे आपल्या खिशातले, बसचे आपल्या खिशातले, वर आई रोज विचारते, फुकटचं ओरडणं कधी थांबणार. पाच वर्षं पहाटे उठून ओंकार लावलाय. कॉलेजात असताना तीन वर्षं पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरच्या विंगेत पाय लटपटत उभी राहिलेय. आवाज, श्वास, वाक्यफेक, सगळं शिकवलं. अर्ज कुठे करायचा हे कुणी शिकवलं?

कुणी कशाला शिकवेल? मी विचारलं नाही. सर म्हणायचे, वाक्यामागचा माणूस शोध. मी शोधला, अगदी प्रामाणिकपणे. पण मला सापडायची ती मीच, डोळ्यांत पाणी आणून तीस लाख म्हणणारी.

दर १२ एप्रिलला, पथनाट्य दिनाला, दादा तीच गोष्ट सांगतो. १९८९ च्या १ जानेवारीला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्याचा प्रयोग चालू असताना नाटककार सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ तारखेला त्यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण करून आल्या. दरवर्षी मला रडू येतं आणि दरवर्षी मी मनात मोलोयश्रीच असते. त्या गर्दीत उभं राहून नाटक बघणारी कामगार बाई मी एकदाही झालेली नाही.

जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बसले. हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा, कोर्टाचे दोन्ही निकाल. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, शिवाजीनगर कोर्टात. सगळं मिळून अर्धा तास लागला. बारा प्रयोग केले आणि हा अर्धा तास काही सापडला नव्हता.

गुरुवारी मुंबईला लूक टेस्ट आहे, नायिकेच्या मैत्रिणीची. ग्रुपमध्ये सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नव्हते. असो.

दादाला मेसेज टाकला की माझ्या वाक्यानंतर पत्ता घालूया. त्याचं उत्तर लगेच, म्हणजे तोही जागाच. "घाल. पण मग पॉज काढ, लांबी वाढते."

पॉज काढ! त्या दोन मात्रांवर मी महिनाभर काम केलंय.

मग न्हाणीघरात हळू आवाजात म्हणून पाहिलं. 'तीस लाख, आणि त्यासाठी जायचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, शिवाजीनगर कोर्ट.' एसटी स्टँडवरची घोषणा वाटते. 'प्राधिकरण' या शब्दावर जगात कुणाला टाळी मिळाली असेल असं वाटत नाही. खर्जात तर तो बुडतोच. वरच्या पट्टीत जरा बरा लागतो.

आई दार वाजवून म्हणाली, आता आत कुणाशी बोलतेस?

मावशींनी मला मिस्ड कॉल दिला होता. तेव्हा घाईत नंबर सेव्ह केला, आत्ता बघितलं तर 'तीस लाख' या नावानं केलाय. नाव विचारलंच नव्हतं. दिराचंही नाही. उद्या दहाला फोन करते. आधी नाव विचारायचं, मग पत्ता. आणि जाऊबाईंना घेऊन शुक्रवारी येता का, तेही. शुक्रवारी, कारण गुरुवारी मी नाहीये.